पान हललं, पणजोबा सापडले

संध्याकाळी बातम्या लागायच्या वेळेला मोबाइल टिंग करतो आणि निरोप येतो : तुमच्या पणजोबांविषयी चार नव्या नोंदी सापडल्या आहेत. पणजोबांना जाऊन सत्तर-पंचाहत्तर वर्षं झालेली. चार नोंदी व्हाव्यात असं त्यांनी हयातीत काही केल्याचं घरात कुणाला आठवत नाही. उलट कुठल्याही कागदावर सही करायला ते सहसा तयार नसत, अशीच त्यांची ख्याती. पण ज्याला निरोप आलेला असतो तो गृहस्थ, बहुधा नुकताच निवृत्त, भरलं ताट सोडून पडद्यात डोकं घालतो. "जेवून घ्या आधी, ते कुठे पळून जात नाहीत," असं आतून ऐकू येतं. पणजोबांच्या बाबतीत हे विधान शंभर टक्के खरं असतं.

पूर्वज शोधण्याचा नाद जुना आहे. पूर्वजांनी आपण होऊन सापडण्याचा प्रकार नवा. अमेरिकेतल्या युटा राज्यातली अ‍ॅन्सेस्ट्री ही कंपनी वंशवृक्षातल्या नावावर एक हिरवं पान डोलवते. पान हललं की समजायचं, यंत्राला काहीतरी मिळालं आहे. २००३ साली इस्राएलमध्ये सुरू झालेली मायहेरिटेज आपल्या सूचनांना 'चतुर जुळणी' अशा अर्थाचं नाव देते. आणि फॅमिलीसर्च हे फुकट चालणारं प्रचंड कोठार मॉर्मन पंथाच्या चर्चचं आहे. त्यांची वंशावळ संस्था १८९४ सालची, आणि त्यामागे श्रद्धा आहे : दिवंगत पूर्वजांसाठी धार्मिक विधी करायचे, तर ते पूर्वज नेमके कोण हे ठाऊक हवं. आपल्याकडे श्राद्धाला पिता, पितामह, प्रपितामह एवढ्या तीन नावांवर भागतं, म्हणून बहुतेक मराठी घरांची स्मरणशक्तीही तिथेच संपते. मॉर्मन मंडळींनी तीनवर न थांबता १९३८पासून जगभरच्या दप्तरांचे मायक्रोफिल्म काढले आणि ते युटातल्या एका ग्रॅनाइटच्या डोंगरात, खास कोरलेल्या तिजोरीत नेऊन ठेवले.

तर या गृहस्थांना, म्हणजे आपल्या काकांना, न्यू जर्सीतल्या पुतण्याने दिवाळीची भेट म्हणून सदस्यत्व घेऊन दिलेलं असतं आणि ते कामाला लागतात. निरोपात 'ही नोंद तुमच्या पूर्वजाची असू शकेल' असं लिहिलेलं असतं. त्यातलं 'असू शकेल' काकांच्या चष्म्यातून आत येईपर्यंत गळून पडतं. खाली 'होय', 'नाही' आणि 'नक्की नाही' असे पर्याय. जन्मभर फायलींवर 'चर्चा करावी' असा शेरा मारत आलेला हा माणूस इथे मात्र धडाधड 'होय' दाबत सुटतो.

यंत्र मागच्या बाजूला जे करतं त्यात गूढ काही नाही. नाव, जन्माचं साल, गाव, आईबाप, जोडीदार अशा रकान्यांची तुलना करायची, प्रत्येक जुळणीला गुण द्यायचे, आणि बेरीज ठरावीक रेषेच्या वर गेली की निरोप धाडायचा. अडचण पहिल्याच रकान्यात आहे. नाव एकाने उच्चारलं, दुसऱ्याने ऐकलं, तिसऱ्याने लिहिलं आणि शंभर वर्षांनी चौथ्याने वाचून संगणकात घातलं. एवढ्या हातांतून ते शाबूत कसं राहणार? म्हणून लिहिलेल्या अक्षरांऐवजी उच्चार जुळवण्याची युक्ती निघाली. तिचं नाव साउंडेक्स. अमेरिकेतल्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली तिचं पेटंट घेतलं. आजची यंत्रं बरीच पुढे गेली आहेत, पण त्यांच्या घराण्याचा मूळपुरुष हाच. १९३०च्या दशकात सामाजिक सुरक्षेचा कायदा आला तेव्हा लाखो अमेरिकनांना वयाचा पुरावा हवा होता आणि जन्मदाखला पुष्कळांकडे नव्हता. मग सरकारने बेकारांना कामाला लावून जुन्या जनगणनांची साउंडेक्सप्रमाणे कार्डं करून घेतली.

पद्धत सोपी आहे. आडनावाचं इंग्रजी पहिलं अक्षर ठेवायचं. पुढचे स्वर आणि एच, डब्ल्यू, वाय गाळायचे. उरलेल्या व्यंजनांना गटागटाने आकडे द्यायचे. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्यं लावायची. मराठी मंडळींना हे गणित लावून पाहण्यात फार आनंद आहे. जोशी म्हणजे जे-२००, आणि डब्लिनचे कादंबरीकार जेम्स जॉयस हेही जे-२००. काळे आणि आयर्लंडचे केली, दोघे के-४००. साठे आणि स्कॉट एस-३००. मोरे आणि मूर एम-६००. गोखले यांचा आकडा जी-२४०, आणि गूगल या शब्दाचाही तोच. गोखल्यांना यात आश्चर्य वाटण्यासारखं काही दिसणार नाही. पाटील आणि पटेल दोघेही पी-३४०, यावर मात्र दोन्ही बाजूंनी हरकत येण्याचा संभव आहे. गंमत म्हणजे, जिथे जुळायला हवं तिथे ही पद्धत हात वर करते. पहिलं अक्षर जसंच्या तसं राहत असल्यामुळे एखाद्या इंग्रज कारकुनाने कुलकर्णी 'के'ऐवजी 'सी'ने लिहिले, किंवा वैद्य 'व्ही'ऐवजी 'डब्ल्यू'ने लिहिले, की सख्खे भाऊ वेगळ्या खणात जातात. पूर्व युरोपातल्या ज्यू आडनावांनी तर साउंडेक्सला इतकं जेरीला आणलं की १९८५मध्ये त्यांच्यासाठी डेच आणि मोकोटॉफ यांची वेगळी पद्धत काढावी लागली. देशमुख-देशपांडे-देसायांसाठी कुणी तेवढी तसदी घेतल्याचं दिसत नाही.

मूर हे नाव आलंच आहे, तर अ‍ॅनी मूर हिची हकिगत सांगायलाच हवी. यंत्राने केली नसूनही ही चूक यंत्राच्या सगळ्या चुकांची आजी शोभेल.

१ जानेवारी १८९२ या दिवशी न्यू यॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर स्थलांतरितांचं नवं ठाणं उघडलं. पहिली नोंद झाली ती अ‍ॅनी मूर या आयरिश मुलीची. ती कॉर्क परगण्यातून 'नेव्हाडा' या बोटीने, अँथनी आणि फिलिप या दोन धाकट्या भावांना घेऊन आली होती. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देण्यात आलं. आज तिचा पंधरावा वाढदिवस, असं वर्तमानपत्रांनी छापलं. प्रत्यक्षात ती सतरा वर्षांची होती आणि वाढदिवसाला अजून अवकाश होता. म्हणजे नोंद होऊन दिवस मावळायच्या आत पहिली चूक कागदावर आलेली होती.

पुढे अ‍ॅनीचं काय झालं? कित्येक वर्षं याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ती पश्चिमेला गेली, टेक्सासमध्ये स्थिरावली, तिथे लग्न केलं आणि १९२३ साली फोर्ट वर्थजवळ रस्त्यावरच्या ट्रामगाडीखाली सापडून वारली. टेक्सासच्या या बाईंचे वंशज समारंभांना मानाने बोलावले जात. १९९३मध्ये अ‍ॅनीचे पुतळे उभे राहिले, एक एलिस बेटावर आणि एक आयर्लंडमध्ये कोव्हच्या बंदरावर. सगळं छान चाललं होतं. फक्त टेक्सासच्या अ‍ॅनी मूर कधी एलिस बेटावर उतरल्याच नव्हत्या. त्यांचा जन्म अमेरिकेतल्याच इलिनॉय राज्यातला. जनगणनेच्या कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. कागद उघडून पाहण्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, एवढंच.

मेगन स्मोलेन्याक या वंशावळ-अभ्यासक बाईंच्या ते मनात आलं. खऱ्या अ‍ॅनीचा पत्ता लावणाऱ्याला त्यांनी एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं आणि २००६मध्ये कोडं सुटलं. सुटलं कसं, ते महत्त्वाचं. अ‍ॅनी मूर या नावाचा पाठलाग करण्यात अर्थ नव्हता. त्या नावाच्या आयरिश मुली पैशाला पासरी. माग लागला तो भावाचा, फिलिपचा. त्याच्या कागदांवरून त्याच्या वंशजांपर्यंत आणि तिथून अ‍ॅनीपर्यंत. ती पश्चिमेला गेलीच नव्हती. बोटीतून उतरून मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत, लोअर ईस्ट साइडला, ती जी राहिली ती कायमची. जोसेफ शायर नावाच्या जर्मन वंशाच्या तरुणाशी तिने लग्न केलं. बरीच मुलं झाली, त्यांतली कित्येक लहानपणीच गेली. १९२४ साली, पन्नाशीत, ती वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. शिळा बसली २००८मध्ये.

टेक्सासच्या कुटुंबाला खोटं ठरवण्याचं कारण नाही. त्यांना मनापासून तसं वाटत होतं. नाव तेच होतं, काळ साधारण तोच. आणि टेक्सासची गोष्ट ऐकायला झकास होती : बोटीतून उतरलेली पोर, मोकळी मैदानं, नवं आयुष्य. भाड्याच्या खोलीत राहून, मुलं गमावून, पन्नाशीत गेलेली बाई कोणाला हवी होती? यंत्राच्या सूचनेला 'होय' म्हणताना काकांचा अंगठाही याच दिशेने झुकतो. चार नोंदींतल्या एकीत पूर्वज शेतमजूर असतो, दुसरीत कर्जबाजारी, तिसरीत त्याच्यावर फौजदारी झालेली, आणि चौथीत तो इंग्रज लष्करात सुभेदार. 'होय' कोणत्या नोंदीला जातं, ते सांगायला नको.

यंत्राला एक गोष्ट मुळीच येत नाही : गप्प बसणं. अमेरिकेची १८९०ची जनगणना घ्या. सव्वासहा कोटींच्या वर माणसं मोजलेली. १० जानेवारी १९२१ला वॉशिंग्टनमध्ये वाणिज्य खात्याच्या इमारतीला आग लागली. काही जळलं, काही बंबाच्या पाण्याने भिजलं आणि उरलंसुरलं पुढे सरकारनेच नष्ट केलं. आज त्यातली सहा हजारांच्या आसपास नावं शिल्लक आहेत. इंग्लंड-वेल्सची १९३१ची जनगणना १९४२मध्ये अशीच आगीत गेली. आता ज्या माणसाची एकमेव नोंद त्या आगीत गेली, त्याच्याविषयी यंत्राने काय सांगायला हवं? 'यांचा कागद जळाला आहे, माफ करा.' पण तशी सूचना येत नाही. गोदामात शिल्लक असलेल्यांपैकी जो माणूस सर्वांत जवळचा वाटेल तो काढून यंत्र पुढे करतं. हरवलेल्या माणसाची जागा शेजारच्या गावच्या समवयस्काने भरली जाते आणि वंशावळ एकही पायरी न गाळता सरळ वर चढत जाते. वंशावळीतल्या मोकळ्या जागेला कुणी मान देत नाही. ती रिकामी खुर्ची पाहून यंत्राला आणि काकांना सारखंच अस्वस्थ वाटतं.

शिवाय जे कागद वाचले तेही गंगेत न्हाऊन आलेले नाहीत. इंग्लंडच्या १८४१च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्या माणसांची वयं खालच्या पाचाच्या पटीत लिहा, असा हुकूमच होता. चौतीस वर्षांचा माणूस तीस झाला, एकोणचाळिशीचा पस्तीस. यंत्र हे तीस आणि पस्तीस ब्रह्मवाक्य धरून जन्मसाल काढतं. त्याआधीच्या काळात गेलं तर १७५२पर्यंत इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागत असे. त्यामुळे फेब्रुवारीतलं बारसं आपल्या हिशेबाने पुढच्या वर्षी पडतं, आणि एप्रिलमध्ये लग्न झालेल्या जोडप्याला 'त्याच वर्षीच्या' फेब्रुवारीत मूल झालं म्हणून त्यांची विनाकारण बदनामी होते.

हसायचं कारण नाही. महाराष्ट्रात अजून हजारो आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. ज्योतिषाच्या दृष्टीने हा चमत्कारच म्हणायचा. खरी गोष्ट एवढीच की शाळेत नाव घालायच्या दिवशी गुरुजींनी विचारलं, "जन्म कधीचा?" बाप म्हणाला, "मोठ्या पुरात झाला, त्याच्या पुढल्या सुगीला बहिणीचं लगीन झालं." गुरुजींनी पोराकडे एकदा पाहिलं, सहा वर्षं पुरी होतील असं साल धरलं आणि १ जून टाकून दिलं. शाळा जूनमध्येच उघडते, हिशेब सोपा. पुढे ती तारीख दाखल्यावरून नोकरीत, नोकरीतून पेन्शनीत आणि तिथून आधार कार्डावर गेली. जन्मतारीख तंतोतंत जुळली म्हणजे माणूस तोच, हा यंत्राचा सर्वांत भरवशाचा निकष. आणि एकाच गावातले, एकाच वर्गातले, एकाच आडनावाचे पाच जण एकाच दिवशी जन्मलेले. बरं, पाचांपैकी एकाचाही जन्म त्या दिवशी झालेला नाही.

मराठी नावांची रीतही यंत्राच्या मुळावर उठलेली आहे. आजोबांचं नाव नातवाला ठेवायचं, म्हणून विष्णू गणेश यांचा मुलगा गणेश विष्णू आणि त्याचा मुलगा पुन्हा विष्णू गणेश. गाव तेच, घर तेच, जमिनीचा गट तोच. यंत्र दोन्ही विष्णूंना आनंदाने एक करतं आणि काकांना असे पणजोबा मिळतात, जे १८६८मध्ये जन्मले, १९३१मध्ये म्हणजे त्रेसष्टाव्या वर्षी मॅट्रिक झाले आणि त्यानंतर तीन वर्षांनी बोहल्यावर चढले. खरं तर या रिवाजातच पुरावाही दडलेला आहे. पुष्कळ घरांत आजोबा हयात असेपर्यंत त्यांचं नाव नातवाला ठेवत नसत. नातू विष्णू निघाला, तर त्याच्या बारशाआधी थोरले विष्णुपंत गेले असावेत, असा अंदाज बांधता येतो. हे बारकावे घरातल्या म्हातारीला ठाऊक असतात. यंत्राला ते कुणी सांगितलेले नाहीत, आणि म्हातारीला कुणी विचारलेलं नाही.

बायकांचं तर विचारूच नका. माहेरची यमुना लग्नात लक्ष्मी होते, बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं. तीन रकान्यांपैकी तिन्ही नवे. एवढं झाल्यावर ती यमुना यंत्रालाच काय, खुद्द यमराजालाही सापडायची मारामार.

आणि काळ मोजण्याची तऱ्हा! जुन्या कागदावरचं शके १७५० हे कुणी इसवी १७५० म्हणून संगणकात भरलं की पणजोबांचे आजोबा एका झटक्यात ७८ वर्षांनी वडील होतात. मराठवाड्यात निजामाच्या अमलातला फसली सन आला, तर हा फरक सुमारे ५९० वर्षांचा. तिथे चुकलं की घराणं थेट ज्ञानेश्वरांच्याही आधीच्या काळात जाऊन पोचतं. काही मंडळींची या चुकीला हरकत नसते.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं होतं. यंत्र फक्त कागदांतून सूचना काढत नाही. ते इतरांनी केलेले वंशवृक्षही पुढे आणून ठेवतं. एकाने चुकून टेक्सासची अ‍ॅनी लावली, दुसऱ्याने ती उचलली, तिसऱ्याने दुसऱ्याकडून घेतली. मग यंत्र चौथ्याला सांगतं, 'तीन वंशवृक्षांचं यावर एकमत आहे.' हितोपदेशात तीन ठग वाटेत एकापाठोपाठ भेटून एका ब्राह्मणाच्या खांद्यावरच्या बोकडाला कुत्रा म्हणतात, तेव्हा तो ब्राह्मण बोकड टाकून घरची वाट धरतो. पण तिथे निदान ठग तरी तीन होते. इथे ठग एकच, बाकीच्या दोन त्याच्या झेरॉक्स.

अस्सल ठगही या क्षेत्रात होऊन गेलेत. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि १९४२मध्ये वारलेले गुस्ताव आंजू हे गृहस्थ धनाढ्य अमेरिकनांना मागणीप्रमाणे वंशावळी करून देत. त्यांची कारागिरी वाखाणण्यासारखी होती. अमेरिकेतल्या पिढ्या खऱ्या, इंग्लंडातल्या पिढ्याही खऱ्या, कागद दोन्हीकडचे खरे. फक्त दोहोंना जोडणारा मधला सांधा आंजूसाहेबांच्या टेबलावर तयार झालेला. या तऱ्हेने त्यांनी शंभराहून अधिक घराण्यांना खानदानी करून सोडलं. लबाडी उघडकीला येऊन जमाना लोटला, तरी आंजूंच्या वंशावळी आजही लोकांच्या वंशवृक्षांत हिरव्यागार आहेत, आणि त्यांवरून नवी पानं डोलत असतात.

२०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. जेनी या संकेतस्थळावरच्या ८ कोटी ६० लाख नोंदी संशोधकांनी चाळल्या आणि त्यांतून तब्बल १ कोटी ३० लाख माणसांचा एकच वंशवृक्ष उभा केला. चाळताना त्यांना काही नोंदी अशा आढळल्या की एक माणूस दुसऱ्याचा बापही आहे आणि मुलगाही. हजारात साधारण तीन नोंदी अशा अशक्य गोतावळ्यात अडकलेल्या. एवढ्या थोड्या! लोकांनी फावल्या वेळात केलेल्या उद्योगाच्या मानाने हे प्रमाण कौतुकास्पदच म्हणायला हवं. पण ही झाली शाळकरी गणिताने पकडता येणारी चूक. बाप मुलाचा मुलगा असणं यंत्रालाही खटकतं. चुकीचा पण शक्य कोटीतला बाप कुणालाच खटकत नाही.

यंत्राला नुसतं झोडपत राहणं मात्र अन्यायाचं होईल. अमेरिकेत जनगणनेचे कागद ७२ वर्षांनी खुले होतात. १९४०ची जनगणना २०१२मध्ये खुली झाली, तेव्हा नावांची सूची नव्हती. पत्ता माहीत असेल त्याने पानं उलटत बसायचं. १९५०ची जनगणना १ एप्रिल २०२२ला खुली झाली ती पहिल्याच दिवशी नावाने शोधता येईल अशी, कारण गणकांचं हस्ताक्षर यंत्राने वाचून ठेवलेलं होतं. वाचन अडखळत होतं, पण होतं. २०२४मध्ये फॅमिलीसर्चने जुन्या खरेदीखतांचा आणि मृत्युपत्रांचा सगळा मजकूर शोधायची सोय केली. त्यामुळे जो माणूस कुठल्याच सूचीत नाही, तो कुणाच्या तरी मृत्युपत्राखाली साक्षीदार म्हणून सही ठोकताना पकडला जातो. शोधण्यात यंत्राचा हात धरणारा कुणी नाही. ओळख पटवणं हा वेगळा धंदा आहे.

त्या धंद्यातले जाणते लोक सूचना आली की सगळ्यात आधी मूळ कागदाचा फोटो उघडतात. सूचीत फक्त नाव आणि साल असतं. कागदावर शेजारीपाजारी असतात, सही असते, खाडाखोड असते. मग ते विचारतात, ही माहिती दिली कुणी? मृत्यूच्या नोंदीतली मृत्यूची तारीख सहसा चोख असते, कारण सांगणारा तिथे हजर होता. त्याच नोंदीतलं जन्मगाव मात्र जावयाने अंदाजे ठोकून दिलेलं असू शकतं. तिसरी खोड जरा क्रूर आहे. समजा यंत्राने एखाद्या विल्यमचं बारसं पुढे केलं. हे लोक लगेच त्याच चर्चची दफनाची वही काढतात आणि तो विल्यम दीड वर्षाचा असतानाच गेला का, ते पाहतात. गेला असेल, तर त्याला चौदा नातवंडं होण्याची शक्यता मावळली. आणि गेलेल्या मुलाचंच नाव पुढच्या मुलाला ठेवण्याची चाल तिथेही होती, म्हणून मग दुसऱ्या विल्यमचा शोध. एलिझाबेथ शोन मिल्स या अमेरिकन अभ्यासक बाईंचा मित्र, सोबती आणि शेजारी धुंडाळण्याचा मंत्र या मंडळींना तोंडपाठ असतो. माणूस सापडत नसेल तर त्याच्या आजूबाजूचे गाठा. अ‍ॅनी मूर अशीच भावाच्या वाटेने सापडली.

मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांच्या बाबतीत तर नावाचा नाद सोडणंच शहाणपणाचं. १८३४पासून करारावर त्या बेटावर नेलेल्या सुमारे साडेचार लाख मजुरांत रत्नागिरी आणि सावंतवाडीकडचे लोकही होते. कारकुनाने ऐकलं तसं नाव लिहिलं. पुढे आजोबांचं पाळण्यातलं नाव नातवंडांचं आडनाव होऊन बसलं. मूळ आडनाव रकान्यात नव्हतंच, तर यंत्राने जुळवायचं काय? पण तिथल्या दप्तराने एक मोठं काम केलं : प्रत्येक मजुराला एक क्रमांक दिला. बोट, बापाचं नाव, जात, जिल्हा, उंची हे सगळं त्या क्रमांकापुढे लिहिलं आणि पुढेपुढे फोटोही काढून ठेवले. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये हे दप्तर आहे. पणजोबांचा क्रमांक असलेला जुना कागद घरात जपून ठेवलेला असेल, तर नावाची कितीही मोडतोड झालेली असो, माणूस सापडतो. मजुराला क्रमांकाने ओळखणाऱ्या मळेवाल्यांनी वंशजांवर हा उपकार काही ठरवून केलेला नाही.

इथे महाराष्ट्रातही कागद आहेत, फक्त ते हिरव्या पानावर बसून येत नाहीत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेली घराण्याची नावं असतात. हरिद्वारच्या तशा वह्यांचे मायक्रोफिल्म युटाच्या मंडळींनी कधीच काढून नेले. तलाठ्याकडे फेरफाराच्या नोंदी असतात, आणि बाप गेल्यावर वारस म्हणून कुणाकुणाचं नाव लागलं हे त्या नोंदींइतकं काटेकोरपणे कुठेच सापडत नाही, कारण तिथे प्रश्न जमिनीचा असतो आणि चूक झाली तर भाऊबंद ती खपवून घेत नाहीत. गाव नमुना चौदा, म्हणजे जुनं कोतवाल बुक, त्यात जन्म-मृत्यू. पैकी बरंच मोडीत. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकदम असा भाव आला की त्यांच्या घरच्यांनीही त्यांच्याकडे पहिल्यांदाच आदराने पाहिलं असेल.

आणि घराण्यांचे छापील कुलवृत्तांत आहेतच. यंत्रं येण्याच्या कितीतरी आधीपासून मराठी कुटुंबं पत्रं पाठवून, गावोगाव हिंडून, वर्गणी काढून हे जाडजूड ग्रंथ छापत आली. त्यांच्या नव्या आवृत्तीच्या बैठका हल्ली मंगल कार्यालयात नाहीतर व्हिडिओ कॉलवर भरतात, आणि काका तिथे लॅपटॉप घेऊन हजर असतात. तोवर ते बरेच सुधारलेले असतात. मूळ कागद उघडायला शिकलेले असतात. फेरफार, शाळेचा दाखला आणि उपाध्यांची वही समोर मांडून ते शांतपणे सांगतात की, ज्या सरदार मूळपुरुषापासून आपण निघालो असं मागच्या आवृत्तीत छापलं आहे, ते गृहस्थ आपले नव्हेत. त्यांचं गाव वेगळं, गोत्र वेगळं, फक्त नाव सारखं. आपले मूळपुरुष त्यांच्याकडे कारकून असावेत, आणि 'असावेत'च, कारण मधल्या दोन पिढ्यांचा पुरावा नाही. तिथे प्रश्नचिन्ह छापावं लागेल.

बैठकीत शांतता पसरते. मग मुखपृष्ठाचा खर्च उचलणारे आप्पासाहेब घसा खाकरतात.

"प्रश्नचिन्ह छापा की, माझी ना नाही," ते म्हणतात. "फक्त सरदारांचं चित्र ब्लॉक करून तयार आहे, त्याचे पैसे दिलेत. ते कारकुनाच्या नावाखाली चालेल का तेवढं बघा."